दुसऱ्या खिडकीचा दाखला

जुन्या गोव्यातल्या होली हिलवर ऑगस्टिनियन साधूंच्या चर्चचा जांभ्याचा एक बुरूज उभा आहे. उंची 46 मीटर, पण तोही अर्धवट. 1602 मध्ये पुरे झालेले हे चर्च पावसाने पाडले, असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. कालक्रम मात्र सरकारी हुकमाकडे बोट दाखवतो. 1835 मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यातले धर्मसंघ बंद केले, मठ रिकामा झाला आणि 1842 मध्ये छताची कमान कोसळली. पाऊस आधीची दोनशेहून अधिक वर्षेही पडतच होता. थांबली ती डागडुजी. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा बुरूज गेला. मोठी घंटा मात्र 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये सुखरूप आहे.

या वास्तूची आतली रचना समजायला कागदच हाताशी घ्यावे लागतात, आणि त्यांतला सर्वांत मोलाचा कागद एका परक्या राणीविषयीचा आहे. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासने 1624 मध्ये शिराझला हालहाल करून तिला मारवले. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गुपचूप मिळवल्या आणि त्यांतल्या काही 1627 मध्ये गोव्यात, याच मठात आणल्या. त्या कुठे ठेवल्या, हे पोर्तुगीज नोंदीत आहे: चॅप्टर चॅपल (साधूंच्या सभेचे चॅपल), एपिस्टलची बाजू, दुसरी खिडकी, काळ्या दगडाची पेटी.

एपिस्टलची बाजू म्हणजे वेदीकडे तोंड केल्यावर उजवी. एवढ्या नेमक्या पत्त्यालाही आधी चॅपल सापडावे लागते, आणि ते ढिगाऱ्याखाली होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन करून मठाच्या भिंती मोकळ्या केल्या, तेव्हा कुठे ही नोंद जमिनीवर ताडून पाहता आली. मिळालेल्या तीन अस्थींची डीएनए तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संशोधन केंद्राने केली. निष्कर्ष 2013 मध्ये आले. एका अस्थीतला मातृवंश, म्हणजे आईकडून येणाऱ्या डीएनएवरून कळणारा वंश, भारतात न आढळणारा, जॉर्जियात आढळणारा निघाला. उरलेल्या दोन दक्षिण आशियाई वंशाच्या होत्या.

मातृवंश कोणा एका व्यक्तीचे नाव सांगत नाही. म्हणून ही अस्थी केतेवानची म्हणताना माझा भरवसा प्रयोगशाळेइतकाच त्या जुन्या नोंदीवर आहे. जागा आणि वंश दोन्ही जुळले म्हणून ओळख पटली. 2021 मध्ये भारताने या अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला दिला.