स्टेशनातला शनवार

येवल्याचं स्टेशन गावापासून थोडं बाजूला. दौंड–मनमाड लाईन १८७८ सालची, तेव्हा स्टेशनही जुनंच. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आगेमागे, दिवसातून मोजक्या गाड्या थांबायच्या. मधल्या वेळात फलाटावर कडूलिंबाची सावली, कुत्री आणि तारघरातली कट्-कट्-कट् एवढंच. आमच्या घरात दोन माग होते. वडील पैठणी विणायचे. माल मुंबईला पाठवायचा असला की पार्सल बुक करायला मला सायकलच्या दांडीवर बसवून स्टेशनात न्यायचे. तिथं तारबाबूंची ओळख झाली. पुढं मी त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला मावशी म्हणायला लागलो. आडनाव कोकणातलंच, गावाच्या नावापुढं ‘कर’ लावलेलं. बोलणंही शुद्ध मराठी, फक्त आमच्यापेक्षा जरा हेल काढून.

हे लोक नेमके कोण, ते गावात कुणाला कळेना. मावशी लुगडं नेसायची, कपाळ मात्र मोकळं. काका मंदिरात जात नव्हते, मशिदीत जात नव्हते, रविवारी चर्चलाही नाही. एकदा वडलांनी सरळच विचारलं.

“मुसलमान का हो तुम्ही?”

“नाही.”

“मग ख्रिस्ती?”

“नाही. आम्ही बेने इस्राएल. म्हणजे इस्राएलची लेकरं, यहुदी.” वडलांच्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना, तेव्हा काका हसून म्हणाले, “दादा, कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणतात. तसं म्हणा.”

तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट मी पुढं अनेकदा ऐकली, वाचलीही. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं. वाचलेले गावोगाव पांगले आणि तेलाचे घाणे चालवायला लागले. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली, पण शनिवारी घाणा जुंपायचा नाही एवढं राहिलं. म्हणून शनवार तेली. पुढं दावीद रहाबी नावाचा कुणी विद्वान यहुदी तिकडं आला. हे आपल्यातलेच का, ते बघायला त्यानं बायकांपुढं सगळ्या जातीचे मासे ठेवले. बायकांनी खवल्यांचे आणि पराचे मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. त्यावरून त्यानं ओळखलं, असं सांगतात. इतिहासकारांनी या कथेची बरीच चिरफाड केली आहे. मला मात्र ती एका कारणासाठी खरी वाटते. मावशी आठवडे बाजारात अशीच मासे निवडायची. झिंग्यांची सुकट शेजारी ढिगानं पडलेली असायची, तिकडं बघायचीसुद्धा नाही. खेकडे नाहीत, बिनखवल्याचा मासा नाही. विकणारी म्हणायची, “बाई, लई नाजूक हो तुमचं!”

पण मासा निदान मिळायचा. मटणाची खरी अडचण. त्यांच्यात जनावर कापायला त्याचे नियम जाणणारा माणूस लागतो, सुरीला खाच चालत नाही, आणि रक्त अजिबात खायचं नाही. मांस मीठ लावून ठेवायचं, निथळू द्यायचं, मग धुवायचं. येवल्यात असा माणूस कुठून आणणार? मोमीनपुऱ्यातला खाटीक ओळखीचा होता, पण त्याच्याकडचं त्यांना चालत नव्हतं. त्यामुळं मांसाहारी म्हणवणारं हे घर महिनोन् महिने आमच्यासारखंच डाळ, बेसन आणि अंड्यावर काढायचं. अंडंही आधी वाटीत फोडायचं. लाल ठिपका दिसला की गेलं उकिरड्यावर. काका मुंबईहून येताना मटण आणायचे तो दिवस घरात सणाचा. त्या दिवशी चहा बिनदुधाचा, कारण मांस आणि दूध एका जेवणात नाही. कालवणात नारळाचं दूध. कोकणातून आलेल्या माणसाला त्याची काय कमी म्हणा, पण येवल्यात नारळ देवापुढं फोडायला आणायचे. मावशी आठवड्याला चार नारळ नेते याचं वाण्याला कोण नवल!

वडलांना खाण्यात रस नव्हता. त्यांचा प्रश्न विणकराचा असायचा. एकदा काका बोलता बोलता म्हणाले, “आमच्या शास्त्रात एका कापडात लोकर आणि जवसाचा धागा एकत्र विणायला मनाई आहे.” वडील माग सोडून उठलेच. “आणि रेशीम न् जर?”

“ते चालतं.”

“मग हरकत नाही,” वडील म्हणाले, आणि परत मागावर बसले. जणू काय धंद्यावरचं मोठं संकट टळलं!

सणांची नावं ऐकून मला गंमत वाटायची. हिब्रू नावं ते लोक पुढं शिकले, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी मराठीच. वर्षारंभाला ‘नव्याचा सण’. त्याला मावशी गव्हाचा चीक काढायची, आपण कुरडयांना काढतो तोच. त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून हलवा घोटायची आणि ताटात थापून शंकरपाळ्यासारखा कापायची. मग ‘खिरीचा सण’. दहाव्या दिवशी ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी दार बंद. चोवीस तासांहून जास्त कडक उपास, पाणीसुद्धा नाही, पांढरे कपडे, वर्षभराच्या पापाची माफी. जुने लोक त्या दिवशी परक्याशी बोलतसुद्धा नसत. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दार उघडायचं, गरिबांना द्यायचं, भेटीगाठी घ्यायच्या. हे सगळं भाद्रपद–आश्विनात यायचं, इकडं कोटमगावच्या देवीच्या यात्रेची गडबड सुरू व्हायची तेव्हा. त्याच्या आधीच्या महिनाभर उपासांना जुन्या लोकांनी काय नाव दिलं होतं? रमजान! शेजाऱ्याचा शब्द उचलला आणि आपल्या उपासाला लावला.

होळीच्या सुमाराला येतो तो ‘होळीचा सण’. पण त्यांच्या त्या सणाची गोष्ट इराणातली, एस्तेर राणीनं आपले लोक वाचवले त्याची. चैत्री पौर्णिमेच्या आसपास ‘अनशी ढाकायचा सण’. अनस म्हणजे आंबट पातळ कालवण ठेवायचं मातीचं भांडं. आठ दिवस ते झाकून ठेवायचं, कारण मिसरातून बाहेर पडताना पूर्वजांना पीठ फुगू द्यायलाही वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्या दिवसांत आंबवलेलं काही चालत नाही. मावशी महिनाभर आधीपासून डबे घासायची. कल्हईवाला त्यांच्या ओट्यावर अख्खी दुपार बसायचा. आणि श्रावणाच्या सुमाराला ‘बिरड्याचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचं सुतक. केळीच्या पानावर वालाचं बिरडं, बाकी काही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखात पडलेल्या मंदिराचं दुःख कोकणातल्या बायांनी सोललेल्या वालात सांभाळलं. वाल सोलायला किती वेळ लागतो ते ज्यानं सोलले त्यालाच ठाऊक.

त्यांचं पंचांगही चंद्राचं, आणि आपल्यासारखाच त्यांना अधिक महिना. काका आणि गावातले एक जोशीबुवा एकदा फलाटावर बसून हिशोब मांडत होते, एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. दोघांचा हिशोब जुळला तेव्हा दोघांनी एकमेकांना पान दिलं.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मावशी तेलाचा दिवा लावायची. काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत काढायची. त्यावर काका प्रार्थना म्हणायचे. तिकडं लाईनवर सिग्नलचे दिवे लागायचे, इकडं हा दिवा. शनिवारी चूल पेटायची नाही. मग काका शनिवारी नोकरी कशी करायचे? करायचे. कुणाशी पाळी बदलून मिळाली तर बदलून घ्यायचे, नाही मिळाली तर मान खाली घालून तार बडवायचे. “घाणा स्वतःचा होता तेव्हा बंद ठेवता येत होता,” ते म्हणायचे. “हा घाणा सरकारचा.”

त्यांना मुलगा झाला त्या वर्षीची गोष्ट. आठव्या दिवशी सुंता. ती करणारे मुंबईहून आले, पाहुणे आले, क्वार्टरसमोर मांडव पडला. त्यानंतर मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, वर पाच फळं. एलियाहू हनबी म्हणजे पैगंबर एलिया यांच्या नावानं हे ताट मांडतात. नवस फेडायला, लग्नकार्याला, नव्या घरात जाताना मलिदा हवाच. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावर हनबीच्या रथाच्या खुणा दाखवतात. जगभरच्या यहुद्यांत ही मलिद्याची रीत नाही, ती या मंडळींचीच.

मावशीनं आमच्या घरी ताट पाठवलं. ते मीच घेऊन आलो. आजीनं ताट घेतलं, वास घेतला आणि विचारलं, “काय म्हणतात याला?”

“मलिदा.”

“म्हंजे दर्ग्यातला?” असं म्हणून तिनं ते सगळं गाईपुढं ओतलं. गाईनं चाटून पुसून खाल्लं. रिकामं ताट धुऊन द्यायला मी गेलो तर मावशी बाळंतिणीच्या खोलीतून म्हणाली, “आवडला का रे आजीला?” मी म्हणालो, “हो. सगळा खाल्ला.” ते खोटं अजून मला चावतं.

दोन वर्षांनी काकांची आई गेली. पावसाळा होता. त्यांच्यात मढं फार वेळ ठेवत नाहीत, आणि पुरायचं ते आपल्याच कबरस्तानात, म्हणजे मुंबईला न्यायचं. घरच्या बायांनी आंघोळ घातली, पांढरं कफन नेसवलं. मनमाडहून त्यांचे तिघे नातेवाईक आले. बातमी कळताच वडील, आमच्या गल्लीतले चौघे विणकर आणि मोमीनपुऱ्यातले दोघे असे सात जण भर पावसात स्टेशनात गेले. मीही मागं. मेलेल्यासाठी म्हणायची एक प्रार्थना असते, कद्दिश. तिला दहा जाणती पुरुषमाणसं लागतात, त्याशिवाय ती म्हणता येत नाही, हे वडलांना माहीत होतं. त्यांनी बोटावर मोजलं. “तुम्ही चार, आम्ही सात. अकरा झालो की!”

काकांनी हात जोडले. “दादा, तुम्ही आलात हेच फार. पण यात आमचेच दहा लागतात.”

कद्दिश झाली नाही. गाडी आली, पेटी चढवली. वडलांनी खांदा दिला तो कुणी नको म्हटलं नाही. घरी येऊन ते ओल्या कपड्यानिशी मागाजवळ बसले आणि म्हणाले, “आपली मोजणी नाही तिथं.”

आजी अंधारात बसली होती. ती म्हणाली, “आपल्या पंक्तीला आपण तरी त्यांना कधी मोजलं होतं?”

त्यावर घरात कुणी बोललं नाही. आमचं येवला हे १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं ते गाव. मोजणीचा विषय आमच्या गावाला नवा नव्हता. आणि पंक्तिभेद काकांच्या समाजातही होताच. गोरे आणि काळे अशा दोन फळ्या होत्या, त्यांच्यात पूर्वी रोटीबेटी होत नव्हती. हे काकांनीच सांगितलं, ओशाळून.

पुढच्या वर्षी नव्याच्या सणाला चिकाचा हलवा आला तो आजीनं खाल्ला. “कुरडईचा चीकच आहे की हा,” एवढंच म्हणाली.

त्या सुमारास मुंबईकडचे त्यांचे नातेवाईक एकेक करून इस्राएलला चालले होते. १९४८ साली तो देश झाला तेव्हापासूनच हे सुरू होतं. इथं त्यांना कुणी छळलं म्हणून नव्हे. या देशात आम्हाला कधी कुणी हाकललं नाही, हे काका अभिमानानं सांगायचे. पुण्यात १८७४ साली छापलेल्या त्यांच्या सणाच्या पोथीत मिसरातून सुटकेची कथा मराठीत आहे. १८८० च्या सुमारापासून त्यांच्यात आपल्यासारखी कीर्तनंही होऊ लागली, आख्यान अब्राहामाचं नाहीतर योसेफाचं. पण दहा माणसांची अडचण येवल्यात रोजची होती.

आणि गेलेल्यांना तिकडं काय भेटलं? तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं की या लोकांचं इतरांशी लग्न लावताना वंशाची मागपर्यंत चौकशी करा. म्हणजे कोकणात पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळला, मासे निवडले, वाल सोलले, आणि तिथं गेल्यावर तुम्ही यहुदी कशावरून! मंडळींनी जेरुसलेमला ठाण मांडलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. काकांच्या भावाचं पत्र आलं होतं, ते त्यांनी वडलांना वाचून दाखवलं. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तिथंही मोजणीच का?” काका म्हणाले, “हो दादा. पण तिथं भांडता येतं.”

मी मॅट्रिकला होतो तेव्हा ते गेले. मावशीनं भांडी गल्लीत वाटली. कल्हईची मोठी परात आमच्याकडं आली. निघायच्या आदल्या दिवशी आईनं पोहे भिजवले, गूळ-खोबरं घातलं, पाच फळं काही जमली नाहीत, केळी आणि पेरूच मिळाले. ताट घेऊन आजी स्वतः स्टेशनात गेली, बैलगाडीतून. मावशी ताटाकडं बघत राहिली. मग तिनं चिमूटभर उचलून आधी आजीच्या तोंडात घातलं.

त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला खांद्याच्या उंचीवर एक लाकडी नळी तिरकी बसवलेली होती. आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना. जाता-येता ते तिला बोट लावून ओठाला लावायचे. पुढं राहायला येणारा आपल्यातला नसला तर ती काढून न्यायची, असा नियम. काकांनी शेवटी ती काढली. रेल्वेचे रंगारी इतकी वर्षं नळीच्या कडेकडेनं ब्रश फिरवत आले होते, त्यामुळं तिथं बोटभर लांबीचा जुना पिवळा पट्टा आणि दोन भोकं राहिली.

नवे तारबाबू भुसावळचे होते. त्यांनी मला विचारलं, “ही भोकं कशाची रे?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, वरच्या भोकात खिळा ठोकला आणि त्याला क्वार्टरची किल्ली अडकवली.