सुंडल

कडधान्य भिजवून, शिजवून, त्याला कोरडी फोडणी देऊन वर ओले खोबरे घातलेला तामिळनाडूतील पदार्थ. मूग, चवळी, वाटाणा, हरभऱ्याची डाळ अशा कशाचेही सुंडल होते; सर्वांत परिचित ते हरभऱ्याचे. कर्नाटकात अशाच पदार्थाला ‘उस्ली’, तर आंध्रात ‘गुग्गिळ्ळु’ म्हणतात.

मराठी उसळीशी नाते उघड असले, तरी सुंडलात रस्सा नाही, गोडा मसाला नाही आणि परंपरेने कांदा-लसूणही नाही. कारण हा मुळात नैवेद्याचा आणि वाटायचा पदार्थ आहे. नवरात्रात तामिळ घरांतून विषम संख्येच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. ही ‘गोलू’ची मांडणी. संध्याकाळी ती पाहायला येणाऱ्या बायकांना हळदकुंकू, विड्याची पाने, सुपारी आणि सुंडल मिळते. द्रोणात किंवा पुडीत बांधून देता यायचे, तर ते कोरडेच हवे. बहुतेक घरी रोज कडधान्य बदलते. मुंबईत माटुंगा-चेंबूरकडे गोलूला बोलावणे आलेल्या मराठी शेजारणींनाही ही चव ठाऊक असते.

चौघांसाठी एक वाटी हरभरे पुरतात. भिजून ते दुपटीहून अधिक होतात. आठ-दहा तास भिजवून, पाणी बदलून, मीठ घालून कुकरला लावावेत. काबुली चण्यांना तीन-चार शिट्ट्या पुरतात, काळ्या हरभऱ्यांना बऱ्याच जास्त लागतात. सुंडलाची खरी परीक्षा इथेच होते: दाणा अखंड दिसावा, पण चिमटीत दाबताच मऊ लागावा. जुने हरभरे कितीही शिजवले तरी दडदडीत राहतात. पाणी जड असेल तरी तेच, कारण त्यातील कॅल्शियम दाण्यातले पेक्टिन घट्ट करते. चिमूटभर सोडा घातला की दाणे लवकर शिजतात खरे, पण साले सुटतात आणि लगदा होतो. सोडा टाळलेलाच बरा. शिजलेले हरभरे चाळणीत पूर्ण निथळू द्यावेत. खाली उरलेले पाणी रसममध्ये जाते.

पुढचे काम पाच मिनिटांचे. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मोहरी तडतडली की उडदाची डाळ घालायची आणि ती तांबूस होईपर्यंत थांबायचे. दाताखाली येणारा तिचा कुरकुरीतपणा नसेल तर सुंडल अर्धे फसले. मग सुक्या मिरच्या, हिंग, कढीपत्ता आणि हरभरे. मसालेदार हवे असल्यास धणे, हरभऱ्याची डाळ व सुक्या मिरच्या भाजून केलेली भरड पूड याच वेळी पेरतात. दाणे परतून पाणी पुरते आटले की आच बंद करून खवलेला नारळ घालायचा. लिंबू पिळायचे तेही आचेवरून उतरवल्यावरच. ओल्या नारळामुळे सुंडल उन्हाळ्यात लवकर आंबते, म्हणून केलेले त्याच दिवशी संपवतात.

देवघराबाहेरही सुंडलाचा संसार मोठा आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर विक्रेते ‘तेंगा, मांगा, पट्टाणी सुंडल’ अशी हाळी देत वाळूतून फिरतात. यात तेंगा म्हणजे नारळ, मांगा म्हणजे कैरी आणि पट्टाणी म्हणजे वाटाणा. तिथे हरभऱ्याची जागा वाटाण्याने घेतली आहे, आणि लिंबाऐवजी आंबटपणा येतो तो बारीक चिरलेल्या कैरीचा.