पेल्यातला उपवास : अतिअल्प कॅलरी आहाराचा इतिहास

१/
१५ नोव्हेंबर १९८८, शिकागो. ऑप्रा विन्फ्री आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या मंचावर लहान मुलांची असते तशी एक लाल गाडी ओढत आली. गाडीत प्राण्यांच्या चरबीचा ढीग होता. वजन ६७ पौंड, म्हणजे सुमारे ३० किलो. तिने स्वतः घटवलेले वजन नेमके तेवढेच होते. अंगात काळा स्वेटर आणि ठेवणीतली जुनी जीन्स. सुमारे चार महिने तिने अन्नाचा घास घेतला नव्हता. पाण्यात कालवलेली पावडर हेच तिचे जेवण होते. कार्यक्रम संपला आणि अमेरिकेत त्या पावडरची चौकशी करणाऱ्यांचे दूरध्वनी खणखणू लागले.
चौकशी करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की अवघ्या दहा-अकरा वर्षांपूर्वी अशाच एका पेयामुळे माणसे दगावली होती? 🧵

२/
वैद्यकशास्त्रात 'अतिअल्प कॅलरी आहार' म्हणजे दिवसाला ८०० कॅलरींहून कमी आहार. साधारण प्रौढ माणसाला लागतात दोन हजारांच्या आसपास. एवढ्या कमी अन्नातून जीवनसत्त्वे, क्षार आणि प्रथिने पुरी पडत नाहीत. म्हणून ती मोजून घातलेली पावडर, सूप किंवा शेक जेवणाऐवजी दिला जातो. कल्पना दिसते सोपी. तिच्यामागचा इतिहास मात्र रुग्णालय आणि दुकान यांच्यामधल्या अंतराचा आहे, आणि ते अंतर जेव्हा जेव्हा मिटले तेव्हा काय झाले याचा.

३/
प्रारंभ एका वेगळ्याच उपासमारीपासून करावा लागतो. नोव्हेंबर १९४४. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हा प्रश्न होता. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. हे सारे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले स्वयंसेवक. फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत त्यांना २४ आठवडे दिवसाला जेमतेम दीड हजार कॅलरींच्या आसपास ठेवले गेले.

४/
त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण कीजच्या नोंदींतला खरा ऐवज मनाचा आहे. धट्टीकट्टी, आदर्शवादी मुले पाककृतींची पुस्तके जमवू लागली. ताट चाटून पुसू लागली. थंडी सोसेना, हसू येईना, मित्रांची सोबत नको वाटू लागली. एकाने कुऱ्हाडीने स्वतःची बोटे तोडली. आणि अन्न पुन्हा मिळू लागल्यावर कित्येकांची भूक पोट भरूनही भागेना. हे सर्व १९५० साली दोन जाडजूड खंडांत छापून आले. पुढल्या पन्नास वर्षांत ८००, ४०० आणि ३३० कॅलरींची पाकिटे विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते चाळले असावेत, असे म्हणावेसे वाटते.

५/
१९५९ हे या कथेतले कळीचे वर्ष. इंडियानातील मीड जॉन्सन ही कंपनी बाळांचे आणि आजाऱ्यांचे अन्न बनवत असे. रुग्णांसाठीच्या अशाच एका पावडरीत फेरफार करून तिने 'मेट्रेकल' बाजारात आणले : दिवसाला चार पेले, एकूण ९०० कॅलरी, घटक म्हणाल तर साय काढलेल्या दुधाची पावडर, सोयाचे पीठ, तेल, जीवनसत्त्वे. आरंभी जाहिरात डॉक्टरांच्या नियतकालिकांत. पण चिठ्ठीची गरज नव्हती, त्यामुळे लवकरच ते किराणा दुकानांच्या फळीवर आले. चव यथातथाच होती, तरी खप अफाट झाला. आजाऱ्याला पोसण्यासाठी केलेले अन्न निरोग्याला उपाशी ठेवण्यासाठी खपू लागले!

६/
त्याच वर्षी ॲल्बर्ट स्टंकर्ड आणि मेव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यातील १०० स्थूल रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. नेहमीचा सल्ला आणि नेहमीचा आहारतक्ता मिळालेल्या या शंभरांपैकी दोन वर्षांनंतर कमावलेली घट टिकवणारे निघाले फक्त दोन. हा आकडा वाचून वैद्यकविश्व हादरले. 'थोडे कमी खा' याने काही होत नसेल, तर अजिबातच खाऊ नका, असा विचार तिथून बळावला.

७/
अटलांटाचे डॉ. वॉल्टर ब्लूम यांनी १९५९ मध्येच स्थूल रुग्णांना रुग्णालयात ठेवून पूर्ण उपवास घडवल्याचे प्रसिद्ध केले. साठच्या दशकात ही पद्धत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पसरली. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी. जून १९६५ मध्ये २७ वर्षांचा हा तरुण डंडीच्या रुग्णालयात आला तेव्हा त्याचे वजन २०७ किलो होते. तो ३८२ दिवस अन्नाविना राहिला. पाणी, चहा, कॉफी, जीवनसत्त्वे, यीस्ट, पोटॅशियम आणि वेळोवेळी रक्ततपासणी, एवढ्यावर. उतरला ८२ किलोवर. पाच वर्षांनी तो होता ८९ किलो. उपवास सोडला तो एका उकडलेल्या अंड्याने आणि लोणी लावलेल्या पावाने.

८/
ही कहाणी आजही समाजमाध्यमांवर 'इच्छाशक्तीचा चमत्कार' म्हणून फिरते. तिच्या शेजारी दुसरी एक कहाणी ठेवायला हवी. १९६९ च्या 'लॅन्सेट'मध्ये एका वीस वर्षांच्या तरुणीची नोंद आहे. सुमारे ३० आठवडे उपाशी ठेवल्यावर तिला पुन्हा अन्न द्यायला सुरुवात झाली आणि त्या पहिल्याच दिवसांत ती गेली. शवविच्छेदनात तिच्या हृदयाच्या स्नायूचे तंतू तुटलेले आढळले. तिचे नाव कोणी लक्षात ठेवले नाही. तिच्यासारखे आणखी काही मृत्यू झाले आणि पूर्ण उपवास मागे पडला.

९/
कारण उमगले होते. शरीराला प्रथिने साठवण्याची वेगळी कोठी नाही. बाहेरून प्रथिने आली नाहीत तर ते स्वतःचेच स्नायू मोडून खाते. आणि हृदय हाही स्नायूच. बोस्टनचे शल्यवैद्य जॉर्ज ब्लॅकबर्न यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी यावर तोड काढली : कॅलरी अत्यल्प, पण चांगल्या प्रतीचे प्रथिन पुरेसे. चरबी नसलेले मांस, मासे, वर पोटॅशियम आणि क्षार, शिवाय नियमित तपासणी. स्नायू बऱ्याच अंशी वाचत होते. उपचार अवघड होता, खर्चिक होता, डॉक्टरांना रुग्णाजवळ खिळवून ठेवणारा होता.
म्हणजे विकायला अगदीच गैरसोयीचा.

१०/
ती गैरसोय रॉबर्ट लिन यांनी दूर केली. पेनसिल्व्हेनियातील या ऑस्टिओपॅथ डॉक्टरचे 'द लास्ट चान्स डाएट' हे पुस्तक १९७६ साली आले आणि लाखोंनी खपले. मांस-मासळीऐवजी त्यांनी बाटली दिली. तिचे नाव 'प्रोलिन'. आत काय? कत्तलखान्यात उरलेली कातडी, स्नायुबंध, हाडे रसायनांनी विरघळवून काढलेला कोलॅजनचा द्राव. वर गोडवा, रंग आणि फळांचा स्वाद. दिवसाला सुमारे ४०० कॅलरी. नकला करणाऱ्या कंपन्याही धावल्या आणि औषधांच्या दुकानांत अशा 'द्रव प्रथिनां'च्या बाटल्यांची रांग लागली. ग्राहकाची नाडी पाहायला आता मध्ये कोणीच उरले नव्हते.

११/
१९७७ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे बातम्या येऊ लागल्या. हृदयविकाराचा पूर्वेतिहास नसलेल्या, बहुतांशी तरुण आणि मध्यमवयीन स्त्रिया अकस्मात कोसळत होत्या. सुमारे ६० मृत्यूंची नोंद झाली. संशोधकांनी त्यांतील १७ मृत्यू बारकाईने तपासले. बहुतेकांनी कित्येक महिने हे पेय घेतले होते आणि भरपूर वजन घटवले होते. म्हणजे आहार त्यांनी अगदी निष्ठेने पाळला होता. ईसीजीत हृदयाच्या विद्युत्‌चक्राचा एक भाग लांबलेला, त्यानंतर ठोक्यांची लय बिघडलेली. काही रुग्ण रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर गेले.

१२/
दोष नेमका कशाचा, यावर वाद झडले. कोलॅजन हे दुय्यम प्रथिन. ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल त्यात नसतेच. पोटॅशियम, मॅग्नेशियम, तांबे यांची तूट शक्य होती. आणि इतके दिवस इतके कमी खाणे हाच मूळ दोष, असेही काहींचे म्हणणे. एका कारणावर बोट ठेवता आले नाही, याचा फायदा विक्रेत्यांना मिळाला. सरकारने १९७७ च्या अखेरीस इशाऱ्याचा प्रस्ताव मांडला. उद्योग न्यायालयात गेला. अंतिम नियम यायला १९८४ उजाडले. त्यानुसार अशा उत्पादनांच्या वेष्टनावर छापावे लागते की दिवसाला ४०० कॅलरींहून कमी प्रथिन-आहाराने गंभीर आजार किंवा मृत्यू ओढवू शकतो. साठ मृत्यू आणि एका वाक्याला सात वर्षे.

१३/
दरम्यान अटलांटिकच्या पलीकडे दुसरे पाकीट तयार होत होते. केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ ॲलन हॉवर्ड यांनी लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातील डॉ. इयान मॅक्लीन बेअर्ड यांच्यासह सत्तरच्या दशकभर चाचण्या केल्या. त्यांच्या 'केंब्रिज डाएट'मध्ये ३३० कॅलरी होत्या, पण प्रथिन दुधाचे आणि सोयाचे. जीवनसत्त्वे-क्षार पूर्ण मात्रेत. लिन यांच्या बाटलीपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक शास्त्र होते. विक्रीचा मार्ग मात्र वादाचा ठरला : १९८० पासून अमेरिकेत आणि १९८४ पासून ब्रिटनमध्ये ते पोचवले ओळखीपाळखीतून विकणाऱ्या सल्लागारांनी, जे बहुधा स्वतः ग्राहकच असत. १९८७ साली ब्रिटिश सरकारच्या समितीने किमान मर्यादा सुचवली : स्त्रियांना ४०० कॅलरी आणि ४० ग्रॅम प्रथिन, पुरुषांना ५०० आणि ५०. (या पाकिटांच्या कमाईचा वाटा केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजातील हॉवर्ड इमारतीतही आहे. उपाशी पोटांवर उभे राहिलेले असे सुबक सभागृह दुसरे सापडणे कठीण!)

१४/
आता पुन्हा ऑप्राच्या गाडीकडे. तिची पावडर होती 'ऑप्टिफास्ट', जी दवाखान्यांतूनच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळे. त्यामुळे १९७७ ची पुनरावृत्ती झाली नाही, ही गोष्ट लहान नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका होता, केस गळत, थंडी वाजे, चक्कर येई. पण हृदये बंद पडत नव्हती. पराभव आला तो नंतर. १९९० मध्ये ऑप्राने जाहीर केले की वजन परत आले आहे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ऑप्टिफास्टसह तीन कार्यक्रमांच्या कंपन्यांवर, घट टिकते असे निराधार दावे केल्याबद्दल कारवाई केली.

१५/
'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे मराठीत थट्टेने म्हणतात. त्या म्हणीतला ठपका मात्र येथे अन्यायाचा ठरेल. मिनेसोटाच्या तरुणांना कोणी खादाड म्हटले नव्हते. वजन घटले की शरीर कमी ऊर्जेत भागवू लागते आणि भूक वाढवते. पाकीट चालू असताना काय खावे हा प्रश्नच नसतो, आणि बहुतेकांसाठी तीच मोठी सुटका असते. पाकीट बंद होताच तो प्रश्न दिवसातून चारदा समोर उभा राहतो. कंपन्यांनी पहिल्या तीन महिन्यांचे पैसे घेतले; पुढची तीस वर्षे ज्याची त्याने पाहावीत.

१६/
येथे ही कथा संपली असती तर निकाल सोपा होता. पण न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांना एक गोष्ट खुणावत होती : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मधुमेहींची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत सुधारते. मग ती किमया शस्त्राची की कमी अन्नाची? २०११ मध्ये त्यांनी टाइप-२ मधुमेहाच्या ११ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला ६०० कॅलरींवर ठेवले. पावडर तीच, ऑप्टिफास्ट, जोडीला भाज्या. आठवड्याभरात उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी ओसरत गेल्याचे एमआरआयमध्ये दिसले. जन्मभर वाढतच जाणारा मानला गेलेला आजार मागे फिरत होता.

१७/
ग्लासगोचे प्रा. माइक लीन आणि टेलर यांनी मग मोठी चाचणी घेतली. नाव 'डायरेक्ट', स्थळ स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधील साधे सरकारी दवाखाने. ८२५ ते ८५३ कॅलरी, तीन ते पाच महिने. काटेकोर बोलायचे तर ८०० च्या रेषेच्या किंचित वर. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी बंद, कारण इतक्या कमी अन्नावर तीच औषधे घातक ठरू शकतात. घरच्या घरी शेक सुरू करणाऱ्या मधुमेहीला नेमके हेच कोणी सांगत नाही. त्यानंतर हळूहळू अन्न परत, आणि दोन वर्षे परिचारिका किंवा आहारतज्ज्ञाची भेट. २०१७ चा निकाल : वर्षाअखेर ४६ टक्के रुग्ण औषधांविना मधुमेहमुक्त, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४ टक्के. १५ किलो वा अधिक घटवलेल्यांत ८६ टक्के.
चाचणीसाठी पाकिटे दिली होती केंब्रिज डाएटच्याच वारसदार कंपनीने.

१८/
दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. पुढे पाठपुरावा चालू राहिलेल्या ८५ जणांपैकी पाचव्या वर्षी मधुमेहमुक्त होते १३ टक्के. स्टंकर्डच्या शंभरातल्या दोघांशी तुलना केली तर हा आकडा मोठा. २०१७ च्या मथळ्यांशी केली तर लहान. ज्यांचे वजन उतरलेलेच राहिले, ते बहुतांशी मुक्त राहिले. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०२० पासून हा उपचार देणे सुरू केले आहे : तीन महिने पाकिटे, आणि एकूण एक वर्षाची सोबत.

(समाप्त)