काटेरी तारेचा मालक कोण?



रोही आणि रानडुकरांनी या वर्षीही पेरणीपासूनच त्रास सुरू केला. त्यामुळे कुंपणावर बरेच प्रश्न येतात. किती गेजची तार घ्यावी, खांब किती फुटांवर, झटका मशीन बरं की काटेरी तार बरी, असं. त्यावर वेगळं लिहीन. आज त्या काटेरी तारेचाच इतिहास सांगतो. आपण ती किलोवर विकत आणतो, ताणतो, खिळे ठोकतो आणि विसरून जातो. पण या तारेनं एका शेतकऱ्याला गडगंज केलं, शेतकऱ्यांना कोर्टात ओढलं आणि पेटंट म्हणजे काय असतं ते जगाला शिकवलं. आपल्यापैकी जे घरच्या घरी अवजारं बनवतात त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

आधी एक करा. धुऱ्यावर जा आणि दोन पदरी तारेचा एक काटा बोटांत धरून सरकवून बघा. तार चांगली असेल तर काटा जागचा हलत नाही, गोल फिरतही नाही. का? तर काट्याचा तुकडा एका पदराला वेटोळा घातलेला असतो आणि दुसरा पदर पिळून त्याला आवळून धरतो. एवढंच. सगळं भांडण या एवढ्याशा आवळण्यावरच झालं.

गोष्ट अमेरिकेची आहे. इलिनॉय आणि त्याच्या पश्चिमेकडचा मुलूख म्हणजे सपाट गवताळ रान. जमीन काळीभोर आणि कसदार, पण लाकूड नाही आणि दगडही नाही. पूर्वेकडच्या राज्यांत लोक लाकडी दांड्यांची नाहीतर दगडी गडग्यांची कुंपणं घालायचे. इथं लाकूड लांबून आणावं लागे. बऱ्याच ठिकाणी जमिनीपेक्षा कुंपण महाग पडायचं. कुंपण नसलं की मोकाट जनावरं उभं पीक खाणार, हे आपल्याला सांगायला नको.

मग त्यांनी काट्याची झाडं लावली. आपल्याकडं साबर, घायपात, चिल्लार लावतात तसं तिकडं ऑसेज ऑरेंज नावाचं काटेरी झाड लावत. चांगल्या वईची त्यांची व्याख्या अशी होती की घोडा वरून उडी मारू शकणार नाही, बैल मोडू शकणार नाही आणि डुक्कर खालून घुसू शकणार नाही. पण वई दाट व्हायला तीन-चार वर्षं लागायची, ती जागा खायची, सावली पाडायची आणि दरवर्षी छाटावी लागायची. काहींनी साधी गुळगुळीत तार ताणली. जनावरं तिला अंग घासून घासून ती तोडायची. उन्हाळ्यात ती सैल पडे, कडाक्याच्या थंडीत आखडून तुटे.

आता तार आणि काटा एकत्र करावा, हे कुणाच्याही डोक्यात येण्यासारखं होतं आणि ते पुष्कळांच्या डोक्यात आलंही. १८६७ साली ओहायोच्या ल्युसियन स्मिथनं टोकं असलेल्या तारेचं पेटंट घेतलं. १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकल केलीनं पातळ पत्र्याचे शंकरपाळ्याच्या आकाराचे काटे कापले, मध्ये भोक पाडून ते तारेत ओवले आणि ठोकून पक्के केले. त्याचंही पेटंट झालं. पण यातलं काहीच बाजारात जोरात चाललं नाही.

१८७३ साली इलिनॉयमधल्या डी काल्ब गावी जिल्ह्याची जत्रा भरली. आपल्याकडं कृषी प्रदर्शन भरतं तसंच ते. तिथं हेन्री रोझ नावाच्या शेतकऱ्यानं एक लाकडी पट्टी मांडली होती, तिला तारेची टोकदार अणकुचं बसवलेली. पट्टी साध्या तारेच्या कुंपणाला अडकवायची, म्हणजे जनावर लांब राहील. सांगतात की त्याच्याकडं एक उनाड गाय होती, तिच्यासाठी त्यानं हा उद्योग केला होता.

ती पट्टी तिघांनी पाहिली. जोसेफ ग्लिडन हा शेतकरी, वय साठीचं. आयझॅक एलवूड हा हार्डवेअरचा दुकानदार. जेकब हैश हा लाकडाचा व्यापारी आणि सुतारकाम जाणणारा. तिघांच्याही मनात एकच आलं, की पट्टीची गरजच काय, काटे थेट तारेलाच बसवले तर? जत्रा एक, पट्टी एक, बघणारे तिघं आणि पुढची वाट प्रत्येकाची वेगळी.

ग्लिडननं घरी जाऊन खटपट सुरू केली. तारेचे बारीक तुकडे वळवायला त्यानं घरातली कॉफी दळायची गिरणी वापरली. पहिले काटे बायकोच्या केसांच्या पिनांवरून सुचले असंही सांगतात. तुकडा वेटोळा घालून तारेला बसला खरा, पण तो सरकायचा आणि फिरायचा. सगळे काटे एका बाजूला गोळा झाले तर उरलेली तार पुन्हा गुळगुळीतच की. मग त्यानं दुसरी तार घेतली आणि धार लावायच्या दगडाच्या दांड्यानं दोन्ही तारा एकमेकींवर पिळल्या. काटा दोन पदरांत आवळला गेला. शिवाय दोन पदरांचा पीळ असल्यामुळं तार उन्हाथंडीत ताण सोसू लागली.

ऑक्टोबर १८७३ मध्ये त्यानं अर्ज केला. २४ नोव्हेंबर १८७४ ला पेटंट मिळालं, क्रमांक १५७१२४. त्याचं मागणं मोजकं होतं. काटेरी कुंपण माझं, असं तो म्हणाला नाही. त्यानं एवढंच मागितलं की तारेचा तुकडा एका पदराला वेटोळा घालून दुसऱ्या पदराच्या पिळानं जागेवर धरून ठेवायचा, ही जोडणी माझी.

एलवूडनंही स्वतःची एक तार केली होती, तिचं पेटंटही घेतलं होतं. पण ग्लिडनची तार पाहिल्यावर आपल्यापेक्षा ही सरस आहे हे त्यानं ओळखलं. दुकानदाराची नजर! त्यानं भांडण न करता १८७४ मध्येच २६५ डॉलर देऊन ग्लिडनच्या हक्कात निम्मा वाटा घेतला. हैशनं मात्र हरकत घेतली, इंग्रजी एस अक्षरासारख्या काट्याचं स्वतःचं पेटंट काढलं आणि काटेरी तार मीच शोधली असं तो पुढं आयुष्यभर जाहिरातीत छापत राहिला.

पुढं मॅसॅच्युसेट्समधल्या वॉशबर्न अँड मोएन या मोठ्या तार कंपनीच्या लक्षात आलं की इलिनॉयच्या एका छोट्या गावातून तारेची मागणी एकदम वाढली आहे. त्यांचा माणूस चौकशीला आला. कंपनीनं काटेरी तार आपोआप बनवणारं यंत्र तयार करून घेतलं आणि १८७६ मध्ये ग्लिडनचा निम्मा वाटा ६०,००० डॉलर रोख देऊन विकत घेतला. वर दर शंभर पौंड तारेमागं २५ सेंट रॉयल्टी. एलवूड धंद्यातच राहिला.

आता आकडे बघा. १८७४ साली काटेरी तार तयार झाली सुमारे १०,००० पौंड, म्हणजे जेमतेम साडेचार टन. १८८० साली ती ८ कोटी पौंडांवर गेली, म्हणजे ३६,००० टनांच्या वर. १८७४ मध्ये शंभर पौंडांना २० डॉलर पडायचे, १८८० मध्ये १० आणि १८९७ मध्ये दोनच्या आत. यंत्र आलं, पोलाद स्वस्त झालं, पेटंटची मुदत संपली, या सगळ्याचा तो परिणाम.

तारेनं भलं केलं तसं वाटोळंही केलं. टेक्सासमध्ये मोठ्या गुरेवाल्यांनी पाणवठ्यांसकट रान तारेत घातलं. लहान पशुपालकांच्या जनावरांना वाट राहिली नाही. १८८३ च्या दुष्काळात लोकांनी रात्री निघून मैलोन्‌मैल तारा कापल्या. माणसं मेली. १८८४ मध्ये तार कापणं हा मोठा गुन्हा ठरवणारा कायदा झाला आणि कुंपणवाल्यानं दर तीन मैलांवर फाटक ठेवावं असंही त्यात घातलं. तिथल्या मूळ रहिवाशांचा मुलूख तर तारांनी आणि रेल्वेनं मिळून चिरून टाकला. पाणंद अडवली की गावात काय होतं हे ज्यानं पाहिलंय त्याला हे समजायला वेळ लागणार नाही.

आता कोर्टाची गोष्ट. वॉशबर्न कंपनीनं ग्लिडनच्या पेटंटासोबत आधीची बरीच पेटंटंही गोळा केली होती. तार बनवायची तर आमचा परवाना घ्या, रॉयल्टी भरा, असा तिचा खाक्या. आयोवाचे शेतकरी चिडले. त्यांचं म्हणणं होतं की काटेरी तार आमच्याच बापजाद्यांनी आधी केली होती, मग कुणा एकाला दर वर्षी पैसे का मोजायचे? १८८१ मध्ये त्यांनी संघटना उभी केली, स्वतः तार तयार करून रॉयल्टीशिवाय विकली आणि खटले अंगावर घेतले. त्यांची बाजू मांडणारा वकील अल्बर्ट कमिन्स पुढं त्या राज्याचा गव्हर्नर आणि सिनेटर झाला.

दुसरा एक खटला आयोवातल्याच एका तार कंपनीविरुद्ध होता. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. कंपनीनं सांगितलं की ग्लिडनच्या आधी पंधरा वर्षं, १८५८-५९ च्या सुमारास, मॉर्ली नावाच्या माणसानं जिल्ह्याच्या जत्रेत अशीच काटेरी तार दाखवली होती. जत्रेच्या गावाचं नाव इंग्रजीत लिहिताना आपल्या दिल्लीसारखंच, तिकडं म्हणतात डेलहाय. कंपनीनं साक्षीदारही आणले. आम्ही ती तार डोळ्यांनी पाहिली, असं लोकांनी सांगितलं.

२९ फेब्रुवारी १८९२ ला निकाल लागला. कोर्टानं म्हटलं, इतक्या वर्षांनंतरच्या आठवणीवर भरवसा कसा ठेवायचा? मधल्या काळात काटेरी तार घरोघरी झाली होती. माणूस नवी तार रोज बघतो आणि जुन्या आठवणीत नकळत तिलाच बसवतो. मॉर्लीच्या तारेचा पुराव्यात टिकेल असा नमुना नाही, त्या वेळचं चित्र नाही, कागद नाही. एका न्यायाधीशाचं मत वेगळं पडलं, पण निकाल ग्लिडनच्या बाजूनं गेला. केलीच्या पत्र्याच्या काट्याबद्दलही कोर्ट बोललं. केली आणि ग्लिडन यांच्या तारेत फरक थोडासाच आहे हे मान्य, पण त्या थोड्याशा फरकामुळंच तार चालली. पेटंटच्या कायद्यात शेवटची पायरी चढणारा जिंकतो, असा त्या निकालाचा सूर आहे.

गंमत म्हणजे पेटंटची १७ वर्षांची मुदत तोवर संपूनही गेली होती.

मला या निकालाचा विचार करताना सातबारा आठवतो. वावर कोण कसतो हे अख्ख्या गावाला माहीत असतं. पण नोंद नसेल तर कोर्टात गाव काय कामाचं? मॉर्लीनं खरंच तार केली असेलही. जत्रेत लोकांनी पाहिली असेलही. पण त्याचं नाव राहिलं ते फक्त हरलेल्या पुराव्यात.

आता आपल्याकडं या. आपल्या गावागावांत सायकलच्या चाकावर चालणारं डवरं आहे, मोटरसायकलला जोडलेली फवारणी आहे, मळणीयंत्राच्या जाळीत केलेले बदल आहेत. पोरं वेल्डिंगच्या दुकानात उभं राहून एका रात्रीत अवजार करतात आणि सकाळी त्याचा व्हिडिओ टाकतात. लाखभर लोक बघतात, शाबासकी देतात. आपली आजची जत्रा तीच. त्या जत्रेत एलवूडसारखी नजर असलेले लोकही फिरत असतात, एवढं ध्यानात असू द्या.

भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं असतं. कायदा १९७० चा आहे. शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. म्हणजे अमुक अंतरावर तूर लावली, तमुक पद्धतीनं सरी पाडली, याला नाही. पण सरी पाडणारं अवजार नवं असेल, त्यात खरी कल्पकता असेल, तर त्याला मिळू शकतं. आणि अर्जाच्या आधी जी गोष्ट तुम्ही सगळ्यांसमोर उघड केली ती साधारणपणे नवी धरली जात नाही. अपवाद आहेत, पण फार थोडे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी अर्ज, मग व्हिडिओ.

सगळं पक्कं झालेलं नसलं तरी तात्पुरत्या तपशिलावर पहिला अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. पेटंटचं कार्यालय मुंबईत आहे. गावपातळीवरच्या संशोधकांना मदत करणारी नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था गुजरातेत आहे, ती अशा कामात हात देते.

अर्ज करायचा नसेल तरी एक वही ठेवा. अवजाराचं चित्र काढा, मापं लिहा, तारीख टाका, पहिला नमुना भंगारात घालू नका. आणि लिहिताना ग्लिडनसारखं नेमकं लिहा. “मी डवरं शोधलं” याला काही अर्थ नाही. आधी काय अडत होतं, तुम्ही कुठला भाग कसा बदलला आणि त्यामुळं काय सुटलं, हे लिहा. तुमचा शोध त्या बदललेल्या भागात असतो.

पेटंट घ्यावंच असं माझं म्हणणं नाही. आयोवाच्या शेतकऱ्यांची बाजूही मला पटते. अवजार सगळ्यांना फुकट वापरू द्यायचं असेल तर खुशाल द्या, त्यासारखं पुण्य नाही. पण ते ठरवून द्या. मॉर्लीला ठरवायची संधी मिळाली नाही. तुमच्याकडं ती आहे, आणि तीही अवजार लोकांसमोर नेण्याच्या आधीपर्यंतच.

कुणी काही बनवलं असेल आणि अर्जाचं विचारायचं असेल तर इथं सगळ्यांसमोर फोटो टाकू नका. आधी तुमच्या वहीत तारीख टाका, मग बोलू.