'पू', 'लस' की 'मवाद'? जखमेतून येणाऱ्या पाण्याचं नाव आणि त्याचं मूळ

भोपाळचं तुलसी नगर म्हणजे जुन्या सरकारी क्वार्टरांची वस्ती. जवळच्या जयप्रकाश जिल्हा रुग्णालयाला लोक आजही '१२५०' म्हणूनच ओळखतात. इथल्या मराठी घरात आजी म्हणते, "गळू पिकलंय, पू झालाय". दवाखान्यात मात्र विचारतात, "मवाद आ रहा है क्या?" कुणी 'पीप' म्हणतं. मराठी माणूस इथे हमखास गोंधळतो, कारण आपल्याकडे पीप म्हणजे तेलाचं किंवा पाण्याचं पिंप, आणि तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. हिंदीतल्या 'पीप'चा त्याच्याशी काही संबंध नाही.

'पू' हा संस्कृत 'पूय'चा घासून उरलेला तुकडा. मुळात अर्थ सडणं, घाण वास येणं. दुर्गंधीसाठीचा 'पूति' हा त्याच घरातला. इंग्रजी 'पस' लॅटिनमधून आला, आणि लॅटिन व ग्रीक शब्दांचं मूळही हेच. म्हणून 'पू' हा 'पस'चा अपभ्रंश आहे असं कुणी सांगितलं तर मानू नये. दोघे चुलतभाऊ आहेत. हिरड्यांचा 'पायोरिया' हा ग्रीक शब्द फोडला तर 'पू वाहणे' एवढाच अर्थ निघतो.

'मवाद' वेगळ्या वाटेने आला. अरबी 'माद्दा' म्हणजे पदार्थ, त्याचं अनेकवचन 'मवाद'. गंमत म्हणजे इंग्रजीतही पूर्वी पुवाला 'मॅटर', म्हणजे पदार्थच, म्हणत. नाव घ्यायला किळस वाटली की माणूस असंच काहीतरी मोघम बोलतो.

खरी अडचण 'लस' या शब्दाची. जुन्या मराठीत जखमेतून पाझरणारं पातळ, चिकट पाणी म्हणजे लस. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली, तेव्हा वापरलेला द्राव असाच फोडातला होता. पुढे एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडाला, अशी ती फिरत राहिली. त्या द्रावाचं नाव औषधाला चिकटलं आणि आता 'लस' म्हटलं की सुईच आठवते. त्यामुळे आजी "लस येतेय" म्हणाली तर नातवाला कळत नाही आणि हिंदी भाषक डॉक्टरला तर नाहीच. ती मात्र नेमकं सांगत असते: अजून पू नाही, पाणी आहे.

हा फरक उपचारात कामाचा असतो. ताज्या खरचटण्यातून थोडं स्वच्छ किंवा फिकट पिवळसर पाणी येणं बहुधा भरण्याचाच भाग. दाट, पिवळा-हिरवा, वास मारणारा द्राव म्हणजे संसर्गाची शंका. जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि कुजलेल्या ऊतींचे कण मिळून पू बनतो. हिरवट छटा बऱ्याचदा त्या पेशींमधल्याच एका विकरामुळे येते. सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था आहेत. कच्चं गळू कापणारा आणि पिकलेलं तसंच सोडणारा, दोन्ही वैद्यांना तिथे सारखाच दोष दिलाय. युरोपात मात्र दाट पांढरा पू हे जखम भरत असल्याचं चांगलं लक्षण आहे, असं शतकानुशतकं मानत. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक ॲसिडचा प्रयोग छापला, त्यानंतर हळूहळू ती समजूत गेली.

सीमेवर शब्द आणखी बदलतात. कन्नडमध्ये 'कीवु', तेलुगूत 'चीमु', गुजरातीत 'परु'. शब्द आठवला नाही तर रंग, दाटपणा, वास आणि किती दिवस झाले एवढं सांगावं. ताप किंवा मधुमेह असेल तर तेही. गळू घरी पिळू नये, आणि त्याभोवतीची लाली पसरत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे 'पस' म्हटलं तरी चालतं, तो शब्द आता सगळीकडे कळतो.