चिंबोरीच्या दारात : प्रस्तावना

खेकडे धरण्याचे पुस्तक बडोद्यात लिहिले जावे, याचे नवल वाटू शकते. शहराला किनारा नाही. पण बडोदे संस्थानाला समुद्र होता. द्वारकेचे ओखामंडळ गायकवाडांकडे होते आणि तिथल्या सागरी जीवांची पाहणी सयाजीराव महाराजांच्या सरकारने प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांच्याकडून करवून घेतली. अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला, दुसरा १९१६ साली. आधी नीट पाहायचे, मग हात घालायचा, हा धडा मी त्या पाहणीतूनच घेतो.

आज आपल्याला जवळचा समुद्र खंबातच्या आखाताचा. कावी-कंबोईचे स्तंभेश्वर मंदिर भरतीत बुडताना ज्याने पाहिले, त्याला या पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. उधाणाला ते दहा मीटरच्या आसपास चढते आणि गाळात रुतलेला पाय सुटेपर्यंत जवळ येऊन ठेपते. म्हणून नवख्याने इथे काठावरूनच बघावे. चिखलातल्या छोट्या खेकड्यांचा एक नांगी मोठी असलेला नर ती हलवून मादीला बोलावतो, ते पाहण्यात तासन्‌तास जातात. कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे; तिथे काहीच धरायचे नाही.

धरायचे असेल तर कोकणातल्या एखाद्या खाडीवर, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या दिवसांत, जाणत्या आगरी-कोळी माणसाबरोबर जावे. लोखंडी कडीला जाळे लावून मधोमध माशाचे डोके बांधतात. त्याला फग म्हणतात. चिंबोरी, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, वासावर येते. फग वर घेताना मध्ये थांबलात, तर ती कडेने निसटलीच.

हाती आलेली चिंबोरी मागून, नांग्या पोचणार नाहीत अशी धरून उलटी करावी. पोटाखालची घडी अरुंद, त्रिकोणी असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. घडीखाली अंड्यांचा पुंजका दिसला की तिला तिथल्या तिथे सोडावे. यात सवलत नाही. पोटातली लाख, म्हणजे अजून बाहेर न आलेली अंडी, वेगळी; ती मलाही प्रिय आहे. पण बाहेर आलेली अंडी ही खाडीची पुढची पिढी. आकाराच्या मानाने हलकी लागली, तर तिने नुकतीच कात टाकलेली असते; नव्या कवचात मांस भरायचे असते. तीही सोडावी.

सोबत वही ठेवावी. पहिल्या दिवशी फग रिकामा आला, तरी तिथी आणि ओहोटीची वेळ तेवढी लिहावी.