हमरापुरास राहावयास यावे काय?

गेल्या माघ महिन्यात आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंचा नातू आमच्याकडे आला आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर त्याने एक प्रश्न पुढे ठेविला. डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून पत्नी व लहान मुलीसह हमरापुरास कायमचे राहावयास यावे काय? "आजोबा, तुम्ही मास्तर आहात. तुम्ही सांगाल तसे आम्ही करू," असे तो म्हणाला. त्या वाक्याने आम्हांस रात्रभर झोप आली नाही. त्याचे कारण पुढे येईल. मंडळाच्या चिटणीसांनी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख मागितलाच होता. तेव्हा त्या मुलास द्यावयाचे उत्तर आम्ही समस्त ज्ञातिबांधवांपुढेच मांडीत आहोत.

आपल्या पूर्वजांस या भागात कोणी नोकरी दिली नव्हती, हे प्रथम ध्यानात घ्यावे. आगरावर राबणारा तो आगरी. पेण तालुक्याच्या पश्चिम अंगास भरतीबरोबर खाडीचे पाणी आत शिरते. आपल्या लोकांनी मातीचे बांध घालून ते अडविले, पावसाचे पाणी बाहेर जाण्यास उघाड्या बसविल्या, आणि काही पावसाळ्यांत मातीतील क्षार धुऊन गेल्यावर तेथे भात पिकविले. अशा जमिनींपैकी पुष्कळ जमिनींस शिलोत्री म्हणत. सरकारचा सारा भरूनही बांधाच्या डागडुजीसाठी दर बिघ्यामागे भात निराळे काढून द्यावे लागे. उधाणात बांधास खांड पडली की घरटी माणूस टोपली घेऊन धावे, कारण एकाच्या शेतात शिरलेले खारे पाणी शेजाऱ्याचे शेत ओळखीत नाही. येथे वस्तीस येणे याचा अर्थ बांधाच्या कामास लागणे असा होता. त्या काळी कोणी नवा आला तर त्यास पगार किती, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नसेल.

पुढे १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि हळूहळू कोकणातील घराघरांतून एकेक कर्ता पुरुष तिकडे ओढला गेला. आपल्या भागातील लोक धरमतरहून आगबोटीने व लाँचने मुंबईस जात. तथापि या जाण्यास गाव सोडणे म्हणता येणार नाही. बायकामुले व म्हातारी माणसे गावीच राहात, मनिऑर्डर येई, आणि लावणीस व गणपतीस माणूस घरी येई. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कुळे जमिनीची मालक होऊ लागली खरी; परंतु भावाभावांत वाटण्या होता होता प्रत्येकाच्या वाट्यास आलेला तुकडा एका कुटुंबास वर्षभर पुरेनासा झाला. तेव्हा घर गावी आणि रोकड मुंबईत, अशी ही दोन पायांवरची चाल शंभर वर्षे चालली.

यातील एक पाय १८ जानेवारी १९८२ रोजी मोडला. त्या दिवशी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमचे बंधू त्यांपैकी एक. चार महिन्यांनी ते गावी आले आणि आम्हांस विचारू लागले, की बिऱ्हाड हलवून येथेच यावे काय? त्या वेळी आमचे वय चोविसाच्या आसपास. जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन प्राथमिक शिक्षकाची नोकरी लागलेली, त्यामुळे घरात आमचा शब्द शहाणपणाचा समजला जाई. आम्ही सांगितले, "दादा, कायमची नोकरी आहे. गिरणी आज ना उद्या सुरू होईल. येथे येऊन तुम्ही करणार काय?" त्यांनी आमचे ऐकले. दोन वर्षे ते चाळीत बसून राहिले. वहिनींचे दागिने एकेक करून सावकाराकडे गेले. शेवटी १९८४ मध्ये ते आले, ते डोक्यावर कर्ज घेऊनच. त्यांनी आम्हांस कधी बोल लाविला नाही, हे आम्हांस अधिक लागले.

आणि आम्ही "करणार काय" असे ज्या गावाविषयी विचारिले होते, तेथेच त्यांस काम मिळाले! पेण शहरातील गणेशमूर्तींची कला एकोणिसाव्या शतकापासूनची. तेथील कारखान्यांत हाताखाली शिकलेल्या आपल्या मुलांनी हमरापूर, जोहे, कळवे या गावी परतून स्वतःच्या शेड घातल्या. बंधू तेथे मजुरीवर साचे भरू लागले, पुढे रंगकाम शिकले, आणि काही वर्षांनी घराच्या पडवीतच त्यांनी स्वतःचे काम मांडले. वहिनी मूर्ती घासून गुळगुळीत करीत. डोळ्यांची आखणी मात्र त्यांस अखेरपर्यंत साधली नाही. त्यासाठी ते दुसरा हात बोलावीत.

या धंद्याचे गोडवे आमच्या पिढीने फार गाइले. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पैसा भाद्रपदात हाती येतो आणि खर्च वर्षभर चालतो. माल उधारीवर, भांडवल कर्जाचे. २०२० मध्ये टाळेबंदी आली व सार्वजनिक मूर्तीस चार फुटांची आणि घरगुती मूर्तीस दोन फुटांची मर्यादा पडली. मोठ्या मूर्ती शेडमध्येच उभ्या राहिल्या. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लॅस्टरच्या मूर्तींस मनाई करणारी तत्त्वे काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास मोकळीक दिली, परंतु नैसर्गिक पाण्यात त्यांच्या विसर्जनास नाही. शाडूची मूर्ती वाळण्यास वेळ घेते व वाहतुकीत भंगते, म्हणून भाव चढतो. धंदा बुडेल असे आम्हांस वाटत नाही. पण जो आज नव्याने शिरेल त्याने शाडू शिकूनच शिरावे.

जमिनीविषयीही एक शब्द. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्याव्या की नाही, यावर सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत जनमत घेतले गेले. बहुतेकांनी नकार दिला व तो प्रकल्प पुढे बारगळला. आता अटल सेतू झाला आहे, आणि उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांत नवे नगर वसविण्याची अधिसूचना २०२४ मध्ये निघाली आहे. या वार्तांवर भरवसा ठेवून कोणी येथे येऊ नये. डोलवीचा पोलादाचा कारखाना किंवा रोह्याजवळची धाटावची वसाहत कोणास काम देत नाही असे नाही. तथापि नव्या माणसास ते बहुधा ठेकेदाराकडून मिळते.

मग उत्तर काय? "या" असे सांगावयास जीभ उत्सुक आहे, आणि १९८२ आठवून ती अडखळते. नातसून त्या रात्री एकच वाक्य बोलली. ती म्हणाली, "मामंजी गणपतीच्या सुट्टीत गाव पाहतात, तेव्हा गाव सगळ्यांनाच आवडतं." आम्हांस तिचे म्हणणे पटले. म्हणून आम्ही त्या दोघांस सांगितले, की डोंबिवलीची खोली आत्ताच सोडू नका. विसर्जन होऊन शेड रिकाम्या पडतात, उधारी वसूल व्हावयाची असते व हातास काम नसते, त्या महिन्यात येऊन राहा. मुलीचा ताप उतरेना तर पेणच्या डॉक्टरांकडे रात्री कसे पोहोचावयाचे, स्थानकावर गाडी किती वेळाने येते, हे स्वतः पाहा. आमच्या घराची माडी त्यांच्यासाठी झाडून ठेविली आहे. बंधूंचे जुने साचेही तेथेच एका कोपऱ्यात आहेत. ते मात्र आम्ही हलविलेले नाहीत.